दोन डोक्यांचं पाखरू आणि एक ना-हरकत

माणिकरावांना या सगळ्या व्यवहारातून मिळायची होती ती फक्त एक सही. मंत्र्याची नव्हे, कलेक्टरची नव्हे, शेजारच्या बायनाबाईंची. पंचाहत्तरीच्या बायनाबाई शाळेत सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. पगारपत्रकापुरती शिकलेली त्यांची सही पाच सुट्या अक्षरांची होती आणि कागदावर पाच मुंग्या ओळीनं चालल्यासारखी दिसायची. या पाच मुंग्या 'ना-हरकत' नावाच्या कागदावर एकदा उतरल्या की माणिकरावांना जिना मिळणार होता.

जिन्याचं असं झालं होतं की तो सोडून बाकी सगळं तयार होतं. तीन वर्षांपूर्वी माणिकरावांनी बीडमधल्या आपल्या घरावर एक खोली चढवली. खिडक्या बसल्या, रंग झाला, दारही लागलं. मात्र ते दार उघडलं की समोर थेट आकाश आणि खाली बायनाबाईंचं शेवग्याचं झाड. जिना बाहेरून घ्यायचा तर तो हद्दीला टेकत होता, आणि पालिकेतल्या टेबलाचं म्हणणं, शेजाऱ्याची ना-हरकत आणा. शेजाऱ्याचं म्हणणं त्याहून सरळ होतं.

"जिना बांदा की. मी कुठं न्हाई म्हन्ले?"

"मग सही करा ना, मावशी."

"सही न्हाई करत मी."

"अहो, पण कावून?"

"न्हाई म्हंजी न्हाई. च्या घेता का?"

तीन वर्षांत माणिकरावांनी त्या घरात एवढा चहा घेतला की त्यांना साखरेची गोळी सुरू झाली. खोलीत जायला बांबूची शिडी होती. तिच्यावर दीपमालाबाई चढत नसत, पाहुणे चढत नसत, आणि पंचावन्न वर्षांचे माणिकराव चढू लागले की आजूबाजूच्या गच्च्यांवर वाळवणं घालायला अचानक गर्दी होत असे.

म्हणून एका सोमवारी सकाळी बायनाबाई स्वतःहून फाटक उघडून आत आल्या, तेव्हा माणिकरावांच्या डोळ्यांपुढे पहिली पायरी उभी राहिली. बाईंनी पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फडकं काढलं आणि फडक्यातून एक कागद काढला. घड्या पडून मऊ झालेली, हिरवट-जांभळट, भलीमोठी नोट. लिपी अनोळखी. मधोमध दोन डोक्यांचं पाखरू, आणि त्याच्या मागे फिक्या रंगात चक्क स्वस्तिक.

"मामंजींची हाय. दुसऱ्या म्हायुद्धात गेलते तवाची," बाई म्हणाल्या. "ह्याच्याव काय लिवलंय आन हे पाखरू कशाचं, तेवढं मला सांगा. रईवारी माझी नात यायलीय, योगिता. तवर पायजे."

"दोन दिवसांत सांगतो, मावशी."

"तुमाला कागदातलं लई कळतं म्हनून आले. जपून ठिवा बरं का. मग तुमच्या कागदाचं बी बगू."

शेवटचं वाक्य त्या फाटकाशी पोचल्यावर बोलल्या. पण माणिकरावांना ऐकू आलं ते तेवढंच.

कागदातलं कळतं, हे खोटं नव्हतं. माणिकराव कॉलेजात हेडक्लार्क. कॉलनीतला एकही अर्ज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कचेरीत जात नसे. आणि कागद जपण्याविषयी त्यांचं एक पक्कं मत होतं, ते म्हणजे लॅमिनेशन. आधार कार्ड, घराची पावती, मुलीच्या गुणपत्रिका, गॅसचं कार्ड, आईच्या हातची खारकेच्या लोणच्याची कृती. त्या घरात जे जे सपाट होतं ते ते प्लास्टिकमध्ये होतं. दीपमालाबाई म्हणत, "आमच्या घरात फक्त पोळीच तेवढी मोकळी असते."

आधी नोट समोरच्या तात्याबांना दाखवावी असं ठरलं. तात्याबा बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. नोट दिसली की ते आधी अंगठ्यानं चोळत, मग उन्हात धरत, मग हुंगत. तिन्ही झालं.

"नोट खरी आहे," ते म्हणाले.

"पण कुठली?"

"ते नंतर. कागद खरा आहे. हे पाखरू म्हणजे गंडभेरुंड. जुन्या देवळांच्या दगडात बघितलं नाही का? दोन तोंडं, दोन्हीकडं नजर. आणि मागं स्वस्तिक. म्हणजे नोट आपल्याकडचीच. एखाद्या हिंदू संस्थानाची. दक्षिणेकडं गेलं की अशी लिपी लागते."

माणिकरावांनाही ते पटलं. स्वस्तिक डोळ्यांपुढे असताना परदेश कशाला आठवेल? त्यांनी नोट घरी आणून देवघराच्या फळीवर ठेवली आणि अंघोळीला गेले. तेवढ्यात दीपमालाबाई देवपूजेला बसल्या. त्यांचा या गोष्टीत दोष एवढाच की त्या डोळसपणे पूजा करतात. समोर स्वस्तिक दिसलं. त्यांनी त्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं. बरोबर मध्यावर, पाखराच्या छातीवर.

माणिकराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि ओरडले, "अगं, ही दुसऱ्याची आहे!"

"देव काय फक्त आपल्याच नोटेत असतो का?" दीपमालाबाई म्हणाल्या.

कुंकू पुसायला गेलं तर पसरेल, हे माणिकरावांना कळलं. नोट अशी उघडी राहिली तर उद्या तिच्यावर अक्षताही पडतील, हेही कळलं. घाबरलेला माणूस स्वतःच्या पक्क्या मतापाशी धावतो. माणिकराव आदिनाथच्या दुकानापाशी धावले. आदिनाथचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान कोपऱ्यावर. त्यानं नोट यंत्रात घातली, दुसरीकडून काढली, चारी कडा गोल कापल्या आणि चाळीस रुपये घेतले. नोट काचेसारखी झाली. कुंकवासकट.

'जपून ठिवा' म्हणाल्या होत्या. यापेक्षा आणखी काय जपणार?

मंगळवारी त्यांनी नोटेचे फोटो सायलीला पाठवले. सायली ही त्यांची मुलगी, पुण्यात शिकणारी. तिचा फोन पंधरा मिनिटांत आला.

"बाबा, ही रशियाची आहे. अडीचशे रूबल, एकोणीसशे सतरा."

"रशियाची? स्वस्तिक आहे त्याच्यावर."

"असेल. तरीपण रशियाचीच आहे."

"आजचे किती होतात?"

"बँकेत काहीच नाही. ते राज्यच बुडालं. पण जुन्या नोटा जमवणारे घेतात. एका ठिकाणी तीनशे रुपये लिहिलंय. एका ठिकाणी अडीच लाख." मग जरा थांबून, "बाबा, हे चकाकतंय काय?"

"कुठं काय?"

"बाबा. लॅमिनेट केलीत?"

माणिकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं कळलं होतं की लेखी मागितल्याशिवाय कबुली द्यायची नसते.

"अहो, लॅमिनेट केलेल्या नोटेला जमवणारे हात लावत नाहीत. तिची किंमत शून्य होते. आणि हे लाल काय आहे मध्ये?"

फोन ठेवल्यावर माणिकराव मोरीच्या कट्ट्यावर टेकले. तीनशे आणि अडीच लाख यांत बरंच अंतर आहे. शहाणा माणूस मधला कुठला तरी आकडा धरून पुढच्या कामाला लागला असता. पण माणिकरावांचा जीव पहिल्यापासून भित्रा, आणि भित्र्या माणसाला नेहमी तोच आकडा खरा वाटतो ज्याबद्दल त्याला जाब द्यावा लागेल. अडीच लाख. शेजारणीचे. सासऱ्याची आठवण म्हणून ऐंशी वर्षं फडक्यात राहिलेले, आणि आपण एका सकाळी चाळीस रुपये देऊन शून्य केलेले. जिना आता खाली येत नव्हता, वर आकाशात चालला होता.

ते तडक आदिनाथकडे गेले.

"काढून दे."

"काका, लावायचे चाळीस. काढायची सोय न्हाई कुठंच."

"यंत्रात उलटं फिरवून बघ की."

"उलटं फिरवलं तर उलटीकडून लॅमिनेट व्हतंय," आदिनाथ शांतपणे म्हणाला.

कॉलनीत गोष्ट गुप्त ठेवायची असं ठरवून माणिकरावांनी ती फक्त तात्याबांना सांगितली. बुधवारी सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "निघालं का प्लास्टिक?" सल्ले येऊ लागले. तात्याबा म्हणाले, इस्त्री फिरवा, गोंद सुटतो. पलीकडच्या सावित्रीबाई म्हणाल्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवा, प्लास्टिक कडक होतं आणि आपसूक तडकतं. कुणी म्हणालं रंगवाल्याकडचं थिनर. कुणी म्हणालं नुसतं धुवा. ज्यांनी आयुष्यात एक कागद नीट ठेवला नाही, ते सगळे कागदातले तज्ज्ञ निघाले.

माणिकराव मात्र कच्चे नव्हते. आधी प्रयोग दुसऱ्या कशावर तरी करायचा. त्यांनी कपाटातून आपलं 'आदर्श कर्मचारी' प्रमाणपत्र काढलं. तेही लॅमिनेटेड, तेही आदिनाथच्याच हातचं. ते एक रात्र बर्फाच्या कप्प्यात मटारांखाली ठेवलं आणि गुरुवारी सकाळी त्यावर गरम इस्त्री फिरवली. तज्ज्ञांच्या सल्ल्यांची अशी सरमिसळ करू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्लास्टिक आधी आखडलं, मग वितळलं, मग इस्त्रीलाच बसलं. प्रमाणपत्रावरचा 'कर्मचारी' कागदावर राहिला. 'आदर्श' इस्त्रीच्या तळाला गेला.

"माझी इस्त्री," दीपमालाबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्यांचं 'एवढंच' ऐकण्यापेक्षा बोलणी खाणं माणिकरावांना परवडलं असतं.

आणि रोज सकाळी भिंतीवरून बायनाबाईंचं डोकं वर येत होतं.

"लागला का तपास?"

"चालू आहे, मावशी. वरपर्यंत विचारणा केलीय."

"नोट बरी हाय ना?"

"एकदम. तिला आता काही होऊ शकत नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच माणिकरावांना घाम फुटत होता.

त्यात तात्याबांनी गुरुवारीच नवी काडी टाकली. ते हळूच म्हणाले, "माणिकराव, रशियाची निघाली म्हणजे परकीय चलन झालं. ते घरात ठेवायला परवानगी लागते म्हणे. मी आपलं कानावर घातलं."

म्हणजे आता मालकिणीचं नुकसानही आपण केलेलं आणि गुन्हाही आपल्याच घरात. माणिकरावांनी दुपारी अर्ज लिहिला. विषय: शेजारणीने विश्वासाने सुपूर्द केलेली परकीय जुनी नोट बाळगण्यात गुन्हा नसल्याबाबत खात्री मिळणेबाबत. अर्ज इतका सुबक होता की तो लॅमिनेट करण्याचा मोह त्यांनी कष्टानं आवरला.

कचेरीतल्या आवक खिडकीवरच्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला.

"कुठल्या टेबलाला टाकू?"

"तेच विचारायला आलोय."

"जुनी वस्तू सापडली म्हणजे गुप्तधन."

"सापडली नाही. शेजारणीनं दिली."

"तिला कुठं सापडली?"

"सासऱ्यांनी दिली."

"सासऱ्यांना?"

"युद्धात."

"मग सैन्याकडचं प्रकरण." बाबूनं पेन कानावर ठेवलं. "असं करा, नोट इथं जमा करा. पंचनामा होईल, सील होईल, वर जाईल. चार-सहा वर्षांत कळवतील. नोट आणलीय का सोबत?"

नोट माणिकरावांच्या बनियनच्या आत, पोटाला चिकटून होती. उन्हानं प्लास्टिक तापलं होतं.

"चहा घेऊन येतो," असं म्हणून ते बाहेर पडले ते थेट रिक्षात बसले. घरी पोचल्यावर आठवलं, अर्ज तिथंच राहिला. नावानिशी, पत्त्यानिशी, फोन नंबरानिशी. त्यानंतर रस्त्यानं कुठलीही जीप गेली की ते शिडीवरून वरच्या खोलीत जात. ती खोली लपण्यासाठी उत्तम होती. शुक्रवारी मात्र ते वर असताना बायनाबाई शेवग्याखाली बाज टाकून शेंगा सोलत बसल्या. माणिकराव दाराच्या चौकटीत, पाय आकाशात, आणि खाली अडीच लाखांची मालकीण. दोन तास ते तसेच बसले. शेवटी बाईंनी मान वर न करता विचारलं, "खाली येता का तिथंच च्या पाठवू?"

शनिवारी सुटकेचा एक रस्ता निघाला. तात्याबांच्या ओळखीचे विजयसिंह नावाचे एक गृहस्थ सोलापूरकडून प्रदर्शनासाठी संभाजीनगरला चालले होते. चाळीस वर्षं जुनी नाणी आणि नोटा जमवणारा माणूस. त्यांची गाडी मांजरसुंब्याला चहापुरती थांबणार होती. माणिकरावांनी नोट एका चपट्या डब्यात घातली, वर चपाती ठेवली आणि एसटीत बसले. घाट चढेपर्यंत त्यांनी शेजारच्या माणसाशी एक शब्द काढला नाही. शेजारच्या माणसानं डब्याकडे बघून "जेवायचं हाय का?" एवढं विचारलं, तर त्यांनी डबा छातीशी धरला.

ढाब्यावर विजयसिंहांनी डबा उघडला, चपाती बाजूला केली, नोट उन्हाकडे धरली आणि आधी हसून घेतलं. पुरेसं हसल्यावर मग सांगितलं, आणि सांगितलं ते नीट.

"हा गरुड. रशियाच्या राजघराण्याचा. दोन तोंडं, एक उगवतीकडं, एक मावळतीकडं. डोक्यांवर मुकुट दिसतात का?"

"नाही."

"आधीच्या नोटांवर होते. सतरा साली राजा गेला, म्हणून नव्या सरकारनं मुकुट काढून टाकले. पाखरू ठेवलं. स्वस्तिक तेव्हा तिकडंही शुभ म्हणूनच वापरत. पुढं जर्मनीवाल्यानं त्याचं नाव घालवलं, ती वेगळी गोष्ट. आणि या ओळी. या नोटेच्या बदल्यात सोनं मिळेल, देशाची सगळी मालमत्ता त्याला जामीन आहे, अशा अर्थाचं आहे. खाली दोन सह्या. अधिकाऱ्याची आणि कॅशियरची."

"मग मिळालं का कुणाला सोनं?"

"काही महिन्यांत ते सरकारच पडलं. सोनं कसलं देतात."

"आणि किंमत?"

"पोत्यानं छापल्या होत्या या. चांगल्या अवस्थेतली असती तर तीनशे, फार तर चारशे."

"अडीच लाख नाही?"

"इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं. घेणारा भेटला का, ते विचारायचं." विजयसिंह पुन्हा नोट न्याहाळू लागले. "हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"लॅमिनेशनच्या आत?"

"हो."

"म्हणजे आधी कुंकू, मग लॅमिनेशन." त्यांनी शेजारच्या बाकावरच्या दोघा ट्रकवाल्यांना हाक मारली. "या, बघा. चाळीस वर्षांत असा नमुना पाहिला नाही." तिघांनी मिळून फोटो काढले. एका फोटोत माणिकरावही आले, चपाती हातात धरून.

आता खरं तर हायसं वाटायला हवं होतं. अडीच लाखांचे तीनशे झाले, खिशातून काढून देता येतील एवढे. पण परतीच्या एसटीत माणिकरावांचा जीव आणखीच खाली गेला. नुकसान तीनशेचं होतं हे खरं, पण ते बायनाबाईंना कोण पटवणार? नोट नेली होती मऊ, फडक्यातली. परत देणार ती कडक, गोल कडांची, कुंकवाची. आणि वर आपणच सांगणार की हिची किंमत काही नव्हती. जगात आजवर ज्या ज्या माणसानं दुसऱ्याची वस्तू खाल्ली, त्यानं हेच सांगितलं असेल. स्वतः माणिकरावांना असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी पोलिसात अर्ज दिला असता. विषयासकट.

रविवारी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला. इस्त्री नव्हती. दीपमालाबाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "कुंकवाचं माझं नाव सांगा खुशाल." या एका वाक्यानं त्यांना जरा बळ आलं.

बायनाबाईंच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली योगिता बसली होती. नुकतीच नर्सिंग पास झालेली, एका मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळालेली. तिच्या पुढ्यात छापील कागदांचा गठ्ठा होता. माणिकरावांनी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. गरुड, मुकुट, सोनं, दोन सह्या. मग कुंकू. मग लॅमिनेशन. मग कचेरीतला अर्ज, तीनशे रुपये, आणि खिशातून काढलेल्या शंभराच्या तीन नोटा. त्या त्यांनी बाजेवर ठेवल्या.

बायनाबाईंनी पैशांकडे पाहिलंही नाही. नोट हातात घेतली, वाकवून बघितली, नखानं वाजवली.

"सोनं दिऊ असं लिवलंय?"

"हो."

"आन दोघांच्या सह्या."

"हो, मावशी."

"बग," बाई नातीला म्हणाल्या. मग माणिकरावांकडे वळल्या. "आमचे मामंजी, धोंडीराम त्यांचं नाव, मिल्ट्रीत मोटार चालवायचे. इराणात गेलते. थितं बर्फात एक म्हातारा रशियन भेटला, पायात काय न्हाई. त्यानं ही नोट दावली, सह्या दावल्या, आन मामंजींचे नवे कोरे बूट घेऊन गेला. नोट बँकेत दावली तवा समदे हासले. मामंजी तसेच फाटक्या जोड्यानं हिवाळा हिंडले."

"गरीब होता बिचारा, तो म्हातारा," माणिकराव म्हणाले.

"व्हता की. थंडी बगून बूट दिले आसते तर दान झालं आसतं. सही बगून दिले, म्हनून फसवनूक झाली." बाईंनी नोट योगिताच्या कागदांवर ठेवली. "तवापासून आमच्या घरात रिवाज हाय. कोनी बी कुठं सही करायची, तर आदी हे पाखरू बगायचं. मामंजींनी मला दावलं, मी माझ्या पोराला दावलं. पर काय लिवलंय ते कोनालाच ठाव न्हवतं. ही पोरगी म्हन्ली, आजी, मी न वाचता कायबी मानत न्हाई. म्हनून तुमाला इचारलं."

माणिकरावांच्या डोक्यात तीन वर्षांच्या चहाचा हिशोब एकदम लागला. सही न करणं हा बाईंचा हट्ट नव्हता. ती त्या घराची कमाई होती.

"आणि हे प्लास्टिक? कुंकू?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आमच्यात कुकू न्हाई वाहत. पर पाखराला शोभतंय." बाई पहिल्यांदा हसल्या. "आन प्लास्टिक झाक हाय. घड्यांत फाटत चाललीती. आता चार पिढ्या बगतील. इकायची कोनाला हाय?"

योगितानं गठ्ठ्यातलं चौथं पान पुढे केलं. "काका, हे बघता का? 'तीन वर्षं नोकरी सोडता येणार नाही, मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडं राहतील.' यावर सही करू का?"

माणिकरावांनी चष्मा लावला. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज हेडक्लार्कचा झाला. "प्रमाणपत्रं द्यायची नाहीत. झेरॉक्स द्यायची. हे वाक्य खोडायला लाव, मग सही."

निघताना बायनाबाईंनी हाक मारली. "माणिकराव. कुकवाचं न सांगता आला आसता तर मी काय म्हन्ले नसते, पर सही बी केली नसती. द्या तुमचा तो कागद. योगिता तीनदा वाचून दावील, मग करते. आन ते पैसे उचला."

त्या दिवशी माणिकराव शिडीवर तीन वेळा चढले. काहीही काम नसताना.

सोमवारी सकाळी फाटक वाजलं. बायनाबाई स्वतः आल्या होत्या. पदराखालून पिशवी, पिशवीतून फडकं, फडक्यातून ना-हरकत. खाली पाच अक्षरं, पाच मुंग्या, एकही वाकडी नाही. आणि चारी कडा गोल.

"तुमच्यावानीच करून आनलं," बाई अभिमानानं म्हणाल्या. "आदिनाथकडून. आता हिला काय व्हत न्हाई."

माणिकराव "हो, मावशी" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पालिकेतल्या टेबलानं ना-हरकत उलटीसुलटी केली. शिक्का मारून बघितला, तो घसरला. आवक क्रमांक लिहून बघितला, पेन उठेना. मारलेली शाई तिथल्या बाबूनं अंगठ्यानं पुसून दाखवली. "याच्यावर काहीच बसत नाही, साहेब. साध्या कागदावर आणा." ते माणिकरावांनी बायनाबाईंना सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकाच कामाला दोनदा सही? आवो, म्हंजी नक्कीच कायतरी काळंबेरं हाय. पाखराकडं बगा जरा. च्या घेता का?"

तेव्हा कुणी काय भरलं, ते एकदा मांडून ठेवलेलं बरं. धोंडीरामांनी बुटांचा नवा जोड. दीपमालाबाईंनी इस्त्री. योगितानं काही नाही. ते चौथ्या पानावरचं वाक्य खोडूनच तिनं सही केली, आणि या सगळ्यात फायद्यात राहिली ती तेवढी एकटी. विजयसिंहांना फोटो मिळाला, तो म्हणे ते प्रत्येक प्रदर्शनात दाखवतात. माणिकरावांनी भरलं ते एक प्रमाणपत्र, सात दिवसांची झोप आणि एक जिना. ना-हरकत त्यांनी वरच्या खोलीत भिंतीवर टांगली आहे; वाचायची असेल त्यानं शिडीनं यावं. रोख पैसे मिळाले ते फक्त आदिनाथला. चाळीस नोटेचे आणि चाळीस ना-हरकतीचे. पहिले चाळीस माणिकरावांनी त्याच दिवशी दिले होते. दुसरे बायनाबाईंनी दिले नव्हते. काम माणिकरावांचं आहे, असं म्हणून त्यांनी ते त्यांच्या नावावर लिहायला सांगितले होते. तेही माणिकरावांनीच दिले.